पन्नास केबीच्या आत

या देशाच्या न्यायव्यवस्थेच्या पायाभरणीत माझा एकवीस वर्षांचा वाटा आहे. उद्याचे वकील आणि परवाचे न्यायाधीश घडवण्याचं कार्य मी राजधानीत राहून निष्ठेनं केलं. हे वाक्य माझंच आहे. आमच्या क्लासच्या माहितीपत्रकावर ते हिंदीत आणि इंग्रजीत छापलेलं असे, आणि ते लिहिल्याबद्दल मालकांनी मला एक डायरी भेट दिली होती. प्रत्यक्षात त्या एकवीस वर्षांतला बराच मोठा भाग मी लोकांचे पासपोर्ट आकाराचे फोटो पन्नास केबीच्या आत बसवण्यात घालवला.

ज्यांच्या घरात अजून कुणी बारावीला आलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी देशभरातल्या सरकारी विधी विद्यापीठांची मिळून एक प्रवेश परीक्षा होते, डिसेंबरातल्या एका रविवारी, दोन तास, एकशेवीस प्रश्न. हा सोपा भाग झाला. त्याआधी अर्ज असतो आणि त्यानंतर पसंतीक्रम, याद्या, दुरुस्ती, पुन्हा याद्या. अर्जाला फोटो लागतो. तो पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवा, दोन्ही कान दिसायला हवेत आणि फाइलचं वजन पन्नास केबीच्या वर जाता कामा नये. आजच्या मोबाइलमधून निघणारा फोटो याच्या साठ-सत्तर पट जड असतो. संविधानाचा सरनामा पाठ असलेली मुलं या ठिकाणी रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत.

क्लास दक्षिण दिल्लीतल्या मुनिरकात होता, एका मोमोवाल्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर. मुनिरकात गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरच्या खोलीतल्या मुलाचा अभ्यास कुठवर आलाय ते इकडच्या खिडकीतून कळतं. मी पुण्याहून तिथं प्रबंध लिहायला दोन वर्षांसाठी आलो होतो. प्रबंध अजून व्हायचा आहे. मध्यंतरी पोटापाण्यासाठी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला लागलो, मग कायदेविषयक तर्क नावाचा विषय आला, आणि अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा स्टाफमध्ये मी एकटाच असल्याचं लक्षात आल्यावर प्रवेशाचं मार्गदर्शनही माझ्याकडे आलं. दारावर ‘चीफ मेंटर’ अशी पाटी लागली. खोली तीच, पंखा तोच.

मालक भसीनजी. मुख्य शाखा करोल बागेत, खाली गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान, तेही त्यांचंच. त्यांना कायद्यातलं काही कळत नव्हतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही, हा त्यांचा गुण. दोष इतकाच की त्यांना समारंभ फार आवडत. निकाल लागला की पहिल्या शंभरातल्या मुलांना शाल, मोमेंटो आणि निवृत्त न्यायमूर्तींचं भाषण. एकाच मुलाला करोल बागेत तीन क्लासेसनी आपला विद्यार्थी म्हणून तीन वेगवेगळ्या शाली पांघरल्याचं मी पाहिलंय. तो मुलगा आमच्याकडे फक्त एक सराव परीक्षा द्यायला आला होता. मी तसं म्हटल्यावर भसीनजी म्हणाले, “सर, आया तो था ना.” होर्डिंगवर त्याचा फोटो लागला. त्याला केबीची मर्यादा नव्हती.

आता माझ्या विषयाबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कायदेविषयक तर्काच्या प्रश्नात एक परिच्छेद देतात. त्यात एखादा नियम सांगितलेला असतो. खाली एक प्रसंग देतात आणि विचारतात, कोण जबाबदार? मुलांनी फक्त परिच्छेदातला नियम त्या प्रसंगाला लावायचा. बस, एवढंच. पण एवढंच कुणाला जमत नाही. कुणी म्हणतं, सर, पण तो माणूस चांगला होता. कुणी म्हणतं, सर, माझे काका वकील आहेत, ते म्हणाले खरा कायदा वेगळा आहे. मी म्हणत असे, खरा कायदा पाच वर्षांनी. आज परिच्छेद. आणि फळ्यावर एक ओळ लिहीत असे: मंगळवारी केलेला करार रद्द समजावा. असा कायदा जगात कुठेही नाही, पण परिच्छेदात लिहिला असेल तर मंगळवारी केलेला करार रद्द. तुमचं ज्ञान, अनुभव, काका, सगळं चपलांबरोबर दाराबाहेर ठेवा.

क्लासमध्ये याला नुसतं ‘मंगळवार’ म्हणत. एखादा पोरगा परिच्छेद सोडून भरकटला की बाकीचे मागून “मंगळवार, मंगळवार” म्हणून ओरडत. आणि खऱ्या मंगळवारी कुणीतरी हमखास विचारी, सर, आज शिकवलेलं रद्द का?

बाहेरच्या लोकांना वाटतं, या धंद्यात त्रास मुलांचा होत असेल. मुलं निरुपद्रवी असतात. त्रास आई-वडिलांचा, आणि त्यातही स्वतःच्या नोकरीत हुशार असलेल्या आई-वडिलांचा. रामटेकेसाहेबांचंच घ्या. मूळ भंडाऱ्याकडचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, सज्जन आणि काटेकोर माणूस. मुलाचा पसंतीक्रम त्यांनी टिपणीच्या कागदावर तयार केला, समासात क्रमांक घातले, नागपूरच्या भावाला आणि अमरावतीच्या मेव्हण्याला अभिप्रायासाठी पाठवला, अभिप्राय येईपर्यंत अर्ज भरू दिला नाही. ते सगळं एकवेळ चाललं. पण मुलाचा जातीचा दाखला त्यांनी आणला तो राज्याच्या नमुन्यातला. अर्जाला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. हे साहेब गेली तीस वर्षं आपल्या टेबलावर नेमक्या याच कारणासाठी लोकांचे दाखले परत पाठवत आले होते. मी दाखवल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हा माझ्याकडे आला असता तर मी परत पाठवला असता,” ते म्हणाले.

“मीही तेच करतोय.”

ते खळखळून हसले. नवा दाखला मुदतीच्या दोन दिवस आधी आला, मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. जाताना रामटेकेसाहेब एक वाक्य बोलून गेले, की घरची फाइल माणूस कधी उघडून बघतच नाही. मी ते वाक्य आवडलं म्हणून भसीनजींच्या डायरीत लिहून ठेवलं. त्यातून काही शिकलो मात्र नाही.

त्याचा अर्थ कळला काटकरांच्या वेळी.

सुभेदार काटकर साताऱ्याच्या दुष्काळी भागातले. दिल्लीच्या कँटोन्मेंटमध्ये शेवटची पोस्टिंग. त्यांची मुलगी सानिका रविवारच्या बॅचला कँटहून बसनं यायची. शाळा तिनं पाच राज्यांत मिळून केलेली. दहावी राजस्थानात, बारावी दिल्लीत. मराठी घरात बोलायची, पण मधेमधे शब्द सांडलेले. ‘अधिवास’ म्हटलं की “म्हणजे डोमिसाइल ना, सर?” असं विचारून खात्री करून घ्यायची. फार बोलायची नाही, पण समजलं नाही तर समजल्यासारखी मान हलवायची नाही. हा गुण मी एकवीस वर्षांत मोजक्या मुलांत पाहिला, आणि न्यायमूर्तींत त्याहून मोजक्या.

पहिल्याच भेटीत सुभेदारांनी परिस्थिती समजावून दिली, नकाशा पसरून सांगावी तशी. जूनअखेर ते निवृत्त होणार. क्वार्टर सोडायचं, सामान ट्रकमध्ये, कुटुंब गावी. बावीस वर्षं बायको-मुलं पांगलेली राहिली, आता पांगायचं नाही, असं घरात ठरलेलं. तेव्हा सानिकाला एक संधी. महाराष्ट्रातल्या विधी विद्यापीठात जागा मिळाली तर जायचं, नाहीतर तालुक्याच्या कॉलेजात बी. ए. दुसरा अटेम्प्ट नाही.

“एवढं कडक कशाला, सुभेदारसाहेब?” मी म्हटलं.

“कडक नाही, सर. साफ,” ते म्हणाले. “तिला पण माहितीय.”

तिला माहीत होतं. ती खाली बघत पेनाचं टोपण काढत-लावत बसली होती.

परीक्षेचं केंद्र तिला उत्तर दिल्लीतल्या रिज नावाच्या टेकडीवर, हिंदूरावच्या बाजूला आलं. मी दरवर्षी एखाद्या केंद्राबाहेर जाऊन उभा राहत असे. उपयोग शून्य, पण पालकांना बरं वाटतं. त्या रविवारी धूर आणि धुकं एकत्र पसरलेलं. सुभेदार तीन तास आधी हजर. आदल्या दिवशी ते एकटे येऊन रस्ता बघून गेले होते. काटकरवहिनींनी दशम्या आणल्या होत्या आणि मुलीनं खाल्ल्या नाहीत म्हणून त्या मला देत होत्या. हिंदूराव नाव कसं पडलं, सुभेदारांनी विचारलं. ग्वाल्हेरहून आलेले एक हिंदूराव इथं राहायचे, मी सांगितलं.

“म्हणजे आपलाच माणूस.”

“हो. आता हॉस्पिटल झालंय त्यांचं.”

त्यावर ते बराच वेळ हॉस्पिटलच्या दिशेनं आदरानं बघत होते.

निकाल लागला. सानिकाचा नंबर होर्डिंगवर जाणारा नव्हता, पण घरी सांगण्याजोगा होता. तिघंही क्लासवर आले. मी नंबर पाहिला, गेल्या दोन वर्षांचे आकडे आठवले आणि निर्णय दिला. सर्वसाधारण जागांमधून महाराष्ट्रातलं विद्यापीठ येणार नाही, थोडक्यात हुकेल. काही जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी राखीव असतात, तिथं हा नंबर आरामात बसला असता. पण त्या जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. तिची एकही नाही. तेव्हा महाराष्ट्र विसरा. इतर ठिकाणी चांगली विद्यापीठं आहेत, मध्य प्रदेश आहे, ओडिशा आहे.

सुभेदार म्हणाले, “बिल्कुल, सर.” सैन्यात ‘बिल्कुल’चा अर्थ ऐकलं असा होतो, पटलं असा होत नाही. वहिनी म्हणाल्या, “आमचा गाव साताऱ्यात, सासर-माहेर साताऱ्यात, मतदान तिथं, कुलदैवत तिथं. आणि पोरगी महाराष्ट्राची नाही?” मी म्हटलं, वहिनी, कागद तसं म्हणतो. सानिकानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“सर, हे कुठे लिहिलंय?”

“दरवर्षी असतं.”

“अच्छा,” ती म्हणाली.

तो ‘अच्छा’ मला तेव्हाच खटकायला हवा होता. पण बाहेर सात पालक बसले होते, त्यातल्या एकाचा मुलगा फोटोत हसत होता म्हणून अर्ज नाकारला गेला होता, आणि मी चीफ मेंटर होतो.

दोन दिवसांनी सानिका एकटी आली. हातात महाराष्ट्रातल्या त्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेचे छापलेले कागद, चाळीस तरी असतील. एका पानावर पेन्सिलीनं रेघ. तिनं ते पान माझ्यासमोर ठेवलं आणि फक्त एक शब्द उच्चारला.

“मंगळवार, सर.”

मी वाचलं. राज्याच्या जागांसाठी दहावी-बारावी राज्यातून हवी, हे खरं होतं. त्याच्या खाली, तळटीप म्हणावी अशा अक्षरात, अपवाद होता. सैन्यात नोकरीत असलेल्या व्यक्तीच्या मुलांना ती अट नाही. सर्व्हिस रेकॉर्डमधला घरचा पत्ता राज्यातला हवा आणि तसं युनिटचं प्रमाणपत्र अर्जाला जोडायला हवं. अर्जाच्या तारखेला वडील नोकरीत असले पाहिजेत. सुभेदार जूनअखेरपर्यंत होते.

मी तो अपवाद तीनदा वाचला. एकवीस वर्षं मी मुलांना चपला बाहेर काढायला लावत होतो आणि स्वतः बूट घालून आत बसलो होतो. सानिकानं मला विचारलं की अर्जात हे कुठे टिक करायचं. अर्ज तर भरून झाला होता. दुरुस्तीची खिडकी उघडी होती, दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत. ‘खिडकी’ हा त्यांचाच शब्द.

अर्ज उघडायला ओटीपी लागतो. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येणार. वडील ज्या ठिकाणी ड्युटीवर होते तिथं मोबाइल गेटवर जमा करून आत जावं लागतं. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांच्या घरी सगळ्यांचे वडील घरीच बसून असावेत. आम्ही वहिनींना फोन केला, त्यांनी शेजारच्या क्वार्टरमधल्या कुणाला तरी गेटवर पाठवलं, आणि सुभेदार सहा वाजता युनिफॉर्मवरच मुनिरकात आले. मोमोवाल्यानं गल्लीतला बाक स्वतःहून बाजूला घेतला.

मी त्यांना अपवाद दाखवला आणि माझं चुकल्याचं सांगितलं. त्यांनी ते एखादी फेरदुरुस्त ऑर्डर घ्यावी तसं घेतलं, चेहऱ्यावर काही नाही. प्रमाणपत्र उद्या दुपारपर्यंत आणतो म्हणाले. मग ओटीपी आला, अर्ज उघडला, राखीव जागेची खूण केली, आणि सहज म्हणून मी पसंतीक्रमाचं पान पाहिलं. ते सुभेदारांनी स्वतः भरून घेतलं होतं.

पहिल्या क्रमांकावर ईशान्येकडचं एक विद्यापीठ. दुसऱ्यावर पार दक्षिणेतलं, गाडी दोनदा बदलावी लागते असं. तिसऱ्यावर महाराष्ट्र. त्याखाली काहीच नाही.

“हे काय आहे?” मी विचारलं.

सुभेदार थोडे सावरून बसले. ज्या गोष्टीत ते माझ्यापेक्षा जाणते होते ती शेवटी निघाली होती. सैन्यात पोस्टिंगसाठी तीन जागा लिहून मागतात, त्यांनी समजावलं. हवी ती जागा पहिली लिहायची नसते. पहिली मागितलेली कधीच देत नाहीत. आधी दोन हार्ड स्टेशनं लिहायची, बर्फाचं किंवा जंगलाचं. साहेबाला दिसतं की जवान कुठंही जायला तयार आहे. तो खूश होतो आणि तिसरी देतो. युनिटमध्ये सगळे असंच लिहितात.

यंत्र यादी वरून खाली वाचतं, हे मी त्यांना सांगितलं. पहिल्या क्रमांकावर तिच्या नंबरला जागा असली की ती देतं आणि थांबतं, पुढचं वाचत नाही. ईशान्येत या नंबराला जागा आहेच आहे. तिथं ती पहिल्याच यादीत लागेल. तुम्ही पाठवणार नाही. आणि महाराष्ट्राची ओळ कुणी वाचणारच नाही.

“तिथं कुणी साहेब नाही, सुभेदारसाहेब. खूश व्हायला कुणी बसलेलंच नाही.”

“सर, मशीन पण कुणाच्या तरी ऑर्डरवर चालतं ना?”

मी दोनदा समजावलं, कागदावर चौकटी काढून समजावलं. ते “बिल्कुल” म्हणाले. मी हताश होऊन पंख्याकडे पाहिलं. दुरुस्तीसाठी पुन्हा ओटीपी लागणार होता आणि मोबाइल त्यांच्या खिशात होता. त्यांच्या संमतीशिवाय यादीतली एक ओळ हलणार नव्हती.

सानिका इतका वेळ स्क्रीनकडे बघत होती. ती वडिलांकडे वळली.

“पप्पा, तुम्ही नेहमी तिसऱ्या नंबरला काय लिहायचे?”

“पुणे.”

“मग पुणे कधी मिळालं?”

सुभेदारांनी विचार केला. खरोखरच केला. पठाणकोट, जोधपूर, तेजपूर अशी एकेक गावं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना दिसत होती.

“नाही मिळालं,” ते म्हणाले.

“एकदा पण?”

“एकदा पण नाही. पहिल्या नंबरचंच मिळत गेलं.”

खाली मोमोवाल्याच्या स्टीमरची शिटी वाजली. सुभेदारांनी खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. “घाल एक नंबरला,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “बावीस वर्षं यार, कुणी सांगितलं नाही.”

दुसऱ्या दिवसाचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण ते आठवलं की अजूनही माझा रक्तदाब वाढतो. प्रमाणपत्रावर सही करणारे अधिकारी सकाळी बैठकीत होते. सुभेदार दाराबाहेर उभे राहिले. ते किती वाजेपर्यंत उभे होते हे त्यांनी सांगितलं नाही, पण प्रमाणपत्र घेऊन आमच्याकडे आले तेव्हा तीन वाजून गेले होते. ते स्कॅन केलं तर जड. हलकं केलं तर शिक्का दिसेना. शिक्का दिसेल असं केलं तर पुन्हा जड. अर्जाची साइट मधेच झोपायची आणि जागी झाली की पुन्हा ओटीपी मागायची. सुभेदार प्रत्येक ओटीपी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवत, वायरलेसवर वाचावा तसा. या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, आणि ती अशी चालली होती. पाचला वीस मिनिटं असताना पोचपावती आली. सानिकानं ती तीनदा वाचली. मग तिनं मला वाचायला दिली. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

त्यानंतर याद्या. पहिल्या यादीत नाव नाही. सुभेदारांचा फोन आला नाही, वहिनींचा आला. काही चुकलं का, सर? नाही म्हटलं, वाट बघायची. दुसऱ्या यादीत नाव नाही. मी वाट बघा म्हणालो, पण आवाजात जोर नव्हता, आणि त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी पुढं काही विचारलं नाही. कँटमध्ये सामानाची खोकी बांधायला सुरुवात झाली होती. युनिटमध्ये कुणीतरी सुभेदारांना म्हणालंही की पहिल्या नंबरला लिहायला नको होतं. तिसऱ्या यादीत नाव आलं. राज्याची जागा, पसंतीक्रम एक.

या कथेतला अभिमानाचा भाग इथं संपतो. त्या वाट बघण्याच्या दिवसांत मी एक गोष्ट केली होती, जी कुणी सांगितली नव्हती. त्या विद्यापीठाच्या जुन्या माहितीपुस्तिका उतरवून घेतल्या आणि वाचल्या. अपवाद त्या वर्षी आलेला नव्हता. तो तीन वर्षं तिथंच होता. त्याच जागी, त्याच बारीक अक्षरात. म्हणजे मधल्या काळात कँटोन्मेंटमधून आलेल्या किती मुलांना मी महाराष्ट्र विसरायला सांगितलं? बहुतेक आठवली नाहीत. एक आठवली. हवालदार शिर्केंची कोमल. तिचा नंबर सानिकापेक्षा वर होता. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, आभार मानले आणि गेले. मला पेढेही दिले होते, कशाबद्दल कोण जाणे.

फोन नंबर जुन्या रजिस्टरात सापडला. कोमलच बोलली. गावाकडे बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मी काय झालं ते सांगितलं, आडवळणं न घेता. पलीकडे मागं कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. मी म्हटलं, माझी चूक होती. ती म्हणाली, “हं.” मग विचारलं की आता पुन्हा परीक्षा देता येते का, वयाची अट आहे का, आणि पप्पा आता रिटायर झालेत तर तो नियम लागतो का. यातली निदान दोन उत्तरं माझ्या ओठांवर आली होती. मी म्हटलं, बघून सांगतो.

“हो, बघूनच सांगा, सर,” कोमल म्हणाली. “आठवून नको.”

वयाची अट नव्हती, ते मी कळवलं. निवृत्तीचं मात्र पुस्तिकेत स्पष्ट नव्हतं. विद्यापीठाला पत्र लिहिलं, उत्तर आलं की सूचनांचे काळजीपूर्वक वाचन करावे. तिनं परीक्षा दिली की नाही हे तिनं मला कळवलेलं नाही, आणि विचारण्याचा अधिकार माझा नाही.

त्याच वर्षअखेर भसीनजींनी मला शाल आणि मोमेंटो दिला, म्हणजे मी निवृत्त झालो. न्यायमूर्तींनी भाषणात मला राष्ट्रनिर्माता म्हटलं आणि नाव चुकवलं. माझ्या खोलीत आता एक तरुण मुलगी बसते. तिला मी पदभार देताना चाळीस पानांची एक पुस्तिका दिली आणि दर वर्षी नवी उतरवून घ्यायला सांगितलं. ती नम्रपणे म्हणाली की सर, साधारण तेच असतं ना दरवर्षी.

सानिकाला सोडायला सुभेदार स्वतः गेले. आता ते माजी सुभेदार होते आणि अंगावर पांढरा सदरा होता. विद्यापीठाच्या कमानीखाली तिला उभी करून त्यांनी एक फोटो काढला आणि मला पाठवला. खाली लिहिलं होतं, पहिल्या नंबरचं पोस्टिंग. ती सरळ समोर बघत होती, दोन्ही कान दिसत होते, मागची भिंत पांढरी होती.

फाइल साडेचार एमबीची होती.